नेमणुकीपासून की निवृत्तीपासून

तुमचे पार्कातले दत्तबाबू आज सकाळी येऊन गेले. चपला दाराबाहेर काढल्या, तुमची वेताची खुर्ची सोडून स्टुलावर बसले आणि बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिले. तुम्हाला जाऊन एकवीस दिवस झाले, पण ते अजून या घरात पाय न वाजवता चालतात, तुम्ही आत झोपला असाल अशा बेताने. चहा झाल्यावर, वहिनीशी बोलावं तशा अदबीने बांगलात म्हणाले, बौदी, रविवारी पेन्शनरांची मीटिंग आहे. खासदारांना द्यायचा कागद त्या दिवशी पक्का करायचा. साळवीदांनी शेवटची प्रत घरीच ठेवली होती, ती काढून ठेवा. मी त्याचं इंग्रजी करतो.

मी बघते म्हणाले. ते गेल्यावर तुमची निळी फाइल काढली, तर आत दोन प्रती निघाल्या. दोन्ही तुमच्या अक्षरात, दोन्ही स्वच्छ, कुठे खाडाखोड नाही, दोन्हींवर तारीखही एकच. मी त्या शेजारी शेजारी ठेवून बोट फिरवत वाचल्या. कागद हिंदीत होता म्हणून मला वाचता आला. सगळं सारखं होतं, फक्त एक ओळ वेगळी. एका प्रतीत होतं की सरकारी कर्मचाऱ्याच्या निवृत्तीनंतर त्याच्या पेन्शनमध्ये त्याच्या तोट्याचा कोणताही बदल करता येणार नाही. दुसरीत होतं, नेमणुकीनंतर.

तुम्ही कशाच्याही दोन प्रती ठेवत नव्हता. एक पक्की करा आणि दुसरी फाडा, नाहीतर पुढच्या माणसाने खरी कोणती समजायची, हे मी तुमच्या तोंडून विजेच्या बिलापासून रेवतीच्या पत्रिकेपर्यंत ऐकलं आहे. मग या दोन का ठेवल्यात? आता पुढचा माणूस मी आहे, आणि मला विचारायला कोणी नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते. बोलण्यापेक्षा लिहिणं मला नेहमीच सोपं गेलं, हे तुम्हाला ठाऊक आहे.

हे सगळं सुरू झालं मागच्या हिवाळ्यात. पार्कातल्या तुमच्या बाकावर कसली तरी कुजबुज झाली होती, जुन्या पेन्शनरांचं पुढे काय करायचं ते सरकारच्या मर्जीवर राहणार अशी. खरी होती की खोटी, कोणालाच माहीत नव्हतं. तुम्ही मफलर न काढता बसून राहिलात. मी म्हटलं, कोणी कमी केली का पेन्शन? तुम्ही म्हणालात, नाही. करणार आहेत का? तसंही कोणी म्हटलेलं नाही. मग? तर म्हणालात, "करू शकतात." जन्मभर ऑडिट केलेल्या माणसाचं जेवण उडवायला एवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ठरवलं की ही गोष्ट राज्यघटनेतच लिहिली गेली पाहिजे. मला तेव्हा वाटलं होतं की घटना ही सव्वीस जानेवारीला आठवायची गोष्ट आहे, तिच्यात आपल्यासारख्यांनी काही लिहायचं असतं हेच माहीत नव्हतं. तुम्ही मला समजावलंत. पेन्शनचे नियम सरकार बदलू शकतं, ती नुसती कडी. कायदा संसद बदलू शकते, ते कुलूप. घटना म्हणजे भिंत.

"मग आत कसं जायचं?" मी विचारलं.

तुम्ही कप खाली ठेवून हसलात. मग म्हणालात की घटनाही बदलता येते, पण त्याला जास्त मतं लागतात, चर्चा लागते, एका संध्याकाळीत ते होत नाही. मी म्हटलं, म्हणजे तोडायला वेळ लागेल, एवढंच ना? तुम्ही मान हलवलीत. "एवढंच. म्हाताऱ्या माणसाला तेवढा वेळ पुरतो."

हे वाक्य मला त्या दिवशी थट्टेचं वाटलं होतं.

मग आपली सकाळची वाचनं सुरू झाली. बाल्कनीत तुम्ही एक एक वाक्य मोठ्याने वाचायचात आणि मी हातात पेन्सिल घेऊन समोरच्या प्रतीवर बघायचे. मला तोंडाने विचारायला संकोच वाटतो म्हणून तुम्हीच ही पद्धत काढली होती. जिथे कळलं नाही तिथे मी ठिपका द्यायचा. ठिपका पडला की दोष वाक्याचा, तो माझा नाही, असा तुमचा नियम. खासदारही हे गाडीत बसून, अर्ध्या लक्षाने वाचणार. चौथी शिकलेल्या माणसाला कळलं तर त्यांनाही कळेल, असं म्हणायचात. मला त्याचा राग यायला हवा होता का? आला नाही. पाचवीची शाळा खाडीपलीकडे होती म्हणून माझी पाटी सुटली, त्यानंतर एवढ्या वर्षांत कोणी मला वाक्य वाचून दाखवून, कळलं का, असं विचारलं नव्हतं. मी एका पानावर अकरा ठिपके दिले तेव्हा तुम्ही ते पान फाडून नवं लिहायला घेतलंत. तो माझा फार चांगला दिवस होता. तुम्हाला कधी सांगितलं नाही, आता सांगते.

दत्तबाबूंनी एकदा विचारलं, मसुदा कोणी तपासला? तुम्ही गंभीर चेहऱ्याने म्हणालात, होम डिपार्टमेंटने. ते बिचारे पंधरा दिवस समजत राहिले की दिल्लीतला कोणी ओळखीचा अधिकारी गुपचूप मदत करतोय. शेवटी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, बौदी, हे साहेब भरवशाचे आहेत ना? मी लाजून आत गेले आणि तुम्ही खोकल्याचं निमित्त करून हसत बसलात.

मग तुम्ही कॉलेज स्ट्रीटवरून घटनेचं ते जाड जुनं पुस्तक आणलंत. त्यात तुम्हाला नमुना सापडला. मोठ्या न्यायालयांच्या न्यायाधीशांच्या पेन्शनचं संरक्षण घटनेतच लिहिलेलं आहे. नेमणूक झाल्यावर त्यांच्या पेन्शनच्या हक्कात तोट्याचा बदल करता येत नाही. तुम्ही मला ते मराठीत करून सांगितलंत, आणि असे खूश झालात की चहा दुसऱ्यांदा मागितलात. आपण नवीन काही मागतच नाही, म्हणालात, जे त्यांना आहे तेच आपल्याला द्या एवढंच म्हणतोय.

मी ठिपका दिला.

"आता इथे काय अडलं?"

"नेमणूक झाल्यावर?" मी म्हटलं. "आपल्या कागदात तर निवृत्तीनंतर आहे."

तुम्ही पुस्तकात पाहिलं, मग आपल्या कागदात. म्हणालात, त्यांचं वेगळं आहे. मी विचारलं, का वेगळं? तुम्ही म्हणालात, न्यायाधीशाला कोणाची भीती असू नये म्हणून. मला तेव्हा कुठून धीर आला कोण जाणे. मी म्हटलं, "मग ऑडिटवाल्याला असली तर चालते?"

तुम्ही उठून तुळशीला पाणी घातलंत. मी तिला आधीच घातलं होतं, तुम्हाला ते ओल्या मातीवरून दिसत होतं.

त्यानंतर कितीतरी दिवस आपला तोच एक वाद चालला. तुम्ही कागदावर उत्तरं लिहून आणायचात आणि मी विणता विणता प्रश्न विचारायचे. मला खरंच कुतूहल होतं, तुम्हाला वाटायचं मी अडवते आहे. मी विचारलं, तुमची पेन्शन तुमची कधी झाली? ऑफिसात हार घालून निरोप दिला त्या संध्याकाळी? मग आदल्या दिवशी ती कोणाची होती? तुम्ही म्हणालात, आदल्या दिवशी ती अपेक्षा होती, दुसऱ्या दिवशी हक्क झाला. मला हसू आलं. एका रात्रीत? मी हातातला स्वेटर दाखवला. पाठ झाली होती, पुढचा भाग झाला होता, एक बाही झाली होती. म्हटलं, हा कोणाचा? तुम्ही म्हणालात, एका बाहीचा स्वेटर घालता येत नाही.

"पण लोकर तर गेली ना?" मी म्हटलं. "जेवढी विणली तेवढी लोकर माझीच गेली."

तुम्ही ती बाही हातात घेऊन टाके मोजत बसलात. जिंकले असं मला वाटलं नाही, कारण तुम्ही चिडला नव्हतात. कसल्या तरी दुसऱ्याच विचारात होतात. तो कोणता विचार होता हे मला आजपर्यंत कळलं नव्हतं.

मग रेवती आली त्या रविवारचं. तिला न्यू टाउनहून यायला उशीर झाला होता, आंबोळ्या गार झाल्या होत्या. आपली मुलगी सरकारी नोकरीत लागली तेव्हा तुम्ही किती मिरवलं होतं, पण ती लागली तोवर योजना बदललेली होती. तिच्या पगारातून कापतात, कुठे कुठे गुंतवतात, आणि शेवटी हातात किती येईल ते आधी कोणी सांगू शकत नाही. मधून मधून पर्याय निवडायचे कागद येतात, ते ती तुमच्याकडे घेऊन यायची. त्या दिवशी तिने टेबलावरचा मसुदा उचलून वाचला.

"बाबा, यात मी कुठे आहे?"

तुम्ही म्हणालात, तू अजून निवृत्त कुठे झालीस?

तिने कागद खाली ठेवला. "म्हणजे तुम्ही सगळे वर चढलात आणि आता शिडी वर ओढून घेताय."

मला वाटलं तुम्ही तिला उत्तर द्याल. गॅसवाल्याशी, बँकेशी, चुकीचं तिकीट फाडणाऱ्या कंडक्टरशी नियमाची पानं उलगडून भांडणारा माणूस. तुम्ही नुसती कागदाची घडी घातलीत. ती न जेवता गेली. पुढे तुम्ही दोघं पुन्हा बोलायला लागलात, औषधं, ट्रॅफिक, पूजेची सुट्टी असलं सगळं बोलायचात, पण ते वाक्य तुमच्या दोघांच्या मध्ये तसंच पडून राहिलं. मी तुम्हाला एकदा विचारलं, पोरीची बाजू का घेत नाही? तुम्ही म्हणालात, "मी यावर बोलू शकत नाही."

मी ते 'बोलणार नाही' असं ऐकलं. तीन दिवस मी ठिपके दिले नाहीत. तुम्ही वाचायचात आणि मी पेन्सिल तशीच धरून बसायचे. तुमच्या लक्षात आलं होतं का? आलंच असणार.

त्या शेवटच्या दुपारी तुम्ही झेरॉक्स काढायला कोपऱ्यावर गेलात, परत आलात, शर्टाचं वरचं बटण सोडलंत, पाणी मागितलंत. मी पाणी घेऊन आले. एवढंच आहे ते. त्याबद्दल मला अजून काही लिहिता येत नाही.

आज दुपारी त्या दोन प्रती मी पुन्हा बघत बसले होते. नेमणुकीवाली प्रत उचलली तर मागच्या बाजूला पेन्सिलीने काही लिहिलेलं दिसलं. मराठीत, तुमच्या त्या मुंगीसारख्या ऑडिटच्या अक्षरात. मी खिडकीपाशी नेऊन वाचलं.

या बदलाचा लाभ माझ्या मुलीला होतो. त्यामुळे यावर मी मत देणे योग्य नाही. इतरांनी ठरवावे.

आणि त्याखाली, जिथे तुम्ही कोणती सूचना कोणाची ते लिहायचात, तिथे दत्तबाबूंचं नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं, सूचना: इंदुमती साळवी.

माझं नाव तुमच्या अक्षरात मी रेशनच्या आणि बँकेच्या फॉर्मवर पाहिलंय. तिथे ते पत्नी या शब्दापुढे असायचं. इथे त्याच्या पुढे मागे काही नव्हतं. मी ते चार पाच वेळा वाचलं. मग आधी रडू आलं की हसू, सांगता येणार नाही, कारण मला ते खिचुरीचं आठवलं. समोरच्या ब्लॉकमधल्या त्या कुटुंबाकडे आपण दर सरस्वती पूजेला भोगाची खिचुरी, म्हणजे प्रसादाची खिचडी, खायला जायचो. मग त्यांच्या खात्याची फाइल तुमच्या टेबलावर आली. तुम्ही ती दुसऱ्या साहेबाकडे पाठवलीत, ते ठीकच. पण फाइल बंद होईपर्यंत त्यांच्या घरचं पाणी प्यायचं नाही असा घरात हुकूम काढलात. मला पित्त झालंय असं सांगून मी दोन वर्षं ती खिचुरी टाळली. ती बाई मला भेटली की पित्तावरची औषधं सांगायची.

तशीच तुम्ही पोटच्या मुलीची फाइलही टेबलावरून बाजूला सरकवलीत. आणि ते तिला सांगायचंही नाही असं ठरवलंत, कारण सांगणं म्हणजे मत देणं झालं असतं. तुमच्यासारखाच माणूस अशी चूक करू जाणे. दुसऱ्या कोणाला अशी चूक सुचणारसुद्धा नाही. मला एक विचारायचं आहे. ती तुमची मुलगी नसती, पार्कातल्या कोणा दुसऱ्याची असती, तर तुम्ही कोणती ओळ ठेवली असतीत? हे तुम्ही कुठेही लिहून ठेवलेलं नाही. मी सगळी फाइल पाहिली, पुस्तकातली पानं झटकली, चष्म्याचं घरही उघडून पाहिलं.

इथवर त्या दिवशी लिहिलं होतं, पुढचं आज सोमवारी लिहिते. शुक्रवारी रेवतीला ऑफिसातून थेट इकडे बोलावलं. नेमणुकीवाली प्रत तिच्यापुढे उलटी ठेवली. ती उभ्यानेच वाचायला लागली आणि मग बसली.

"हे मला सांगायला काय झालं होतं त्यांना?"

मी म्हटलं, सांगितलं असतं तर तुझी बाजू घेतल्यासारखं झालं असतं.

बराच वेळ तिने त्या अक्षरावरून अंगठा फिरवला. "म्हणजे मी त्यांची मुलगी नसते तर त्यांनी माझी बाजू घेतली असती," ती म्हणाली, आणि मग ती हसली, ओढणी तोंडावर धरून, आणि नंतर ते हसणं राहिलं नाही. त्या दिवशी ती जेवून गेली. तुमच्या खुर्चीत बसून जेवली.

निघताना तिने चप्पल घालता घालता एक गोष्ट सुचवली. आई, दत्तकाकांना सांग की बाबांनी दुसरी प्रत पक्की केली होती. कोण विचारणार आहे? बाबांचा शब्द म्हटल्यावर सगळे माना डोलावतील, तिथे आमच्यासारख्यांचं ऐकणारं दुसरं कोण आहे? तिच्या बोलण्यात लबाडी नव्हती. ती दमलेली होती.

आणि ते अगदी सोपं होतं, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. एक प्रत द्यायची, एक फाडायची. तुमचाच नियम. पोरीचं भलं, आणि माझीच ओळ. मी शनिवारी निवृत्तीवाली प्रत दोनदा फाडायला हातात घेतली. पण प्रत्येक वेळी वाटलं की मी तुमची सही करते आहे. तुम्ही जे ठरवलं नाही ते ठरवलं म्हणून सांगायचं, आणि तेही तुम्ही नाही म्हणायला इथे नसताना. आणि खरं सांगितलं तर काय होणार तेही दिसत होतं. ही ओळ साळवीदांची नाही, चौथी शिकलेल्या त्यांच्या बायकोची आहे, आणि फायदा तिच्या मुलीचा. कोण ठेवणार ती?

काल रविवार झाला. ब्लॉकच्या कम्युनिटी सेंटरमध्ये मी याआधी फक्त लाडवांचा डबा पोचवायला गेले होते. काल दोन्ही प्रती पिशवीत घेऊन गेले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. तुमच्यासाठी सगळे एक मिनिट उभे राहिले. मग दत्तबाबूंनी सांगितलं की एका ओळीचा निर्णय राहिला आहे, आणि दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. मी प्रती त्यांच्या हातात दिल्या होत्या, मागची बाजू न दाखवता.

लगेच ते उंच गृहस्थ उठले, नेहमी छत्री घेऊन येतात ते. म्हणाले, तरुण लोकांना यात ओढलं तर मागणी एवढी मोठी होईल की सरकार सगळीच बाजूला ठेवेल. आधी आपलं पक्कं करून घ्या, त्यांचं ते बघतील. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. बऱ्याच माना हलल्या. मग कोणीतरी विचारलं, साळवीदांचं काय मत होतं? आणि सगळे माझ्याकडे वळले.

मी उभी राहिले. माझी बांगला म्हणजे मासळीवालीशी आणि शेजारणीशी बोलायची बांगला, तीच बोलले. म्हटलं, त्यांनी ठरवलं नव्हतं. ती दुसरी ओळ माझी आहे. तिच्यात माझ्या मुलीचा फायदा आहे, म्हणून ते गप्प राहिले. मी सांगून टाकते आहे, तुम्ही ते लक्षात घेऊन काय ते ठरवा.

आता उभी राहिलेच आहे तर विचारूनच टाकू असं वाटलं. मी विचारलं, "तुमची पेन्शन तुमची कधी झाली?"

मग छत्रीवाले गृहस्थच बोलले, आणि माझ्याशी नाही, शेजारच्याशी बोलल्यासारखे. म्हणाले, माझं नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी आईने सगळ्या गल्लीत संदेशाची मिठाई वाटली. सांगत सुटली होती, माझा मुलगा आता म्हातारपणीही कोणापुढे हात पसरणार नाही. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. मला लाज वाटली होती. त्यावर दुसरे एक हसले आणि म्हणाले, माझ्या सासऱ्यांनी तर मुलगी त्याच पत्रावर दिली. मग एकेक जण सांगायला लागला. निरोपाच्या हाराची आठवण एकानेही काढली नाही. सगळे नेमणुकीच्याच दिवसाचं बोलत होते.

हात वर करून ठरलं. नेमणूक. काही हात खालीच राहिले, त्यात छत्रीवाल्यांचाही होता. जाताना ते माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, बौदी, मी विरोधातच आहे, यातून काही हाती लागणार नाही. पण प्रश्न बरोबर विचारलात. मलाही माहीत आहे की बहुधा काही हाती लागणार नाही. कागद खासदारांकडे जाईल, तिथून कुठे जाईल कोणाला ठाऊक. रेवतीला फोनवर सांगितलं. तिने विचारलं, तू उभी राहून बोललीस? तिला कागदापेक्षा त्याचंच जास्त नवल.

दत्तबाबू म्हणाले, वर साळवीदांचं नाव घालू या, त्यांच्या स्मरणार्थ. मी नको म्हटलं. तुम्ही ज्यावर मत दिलं नाही त्यावर तुमचं नाव कसं घालायचं? सूचना कोणाची ते तुम्ही लिहूनच ठेवलं आहे, ते मी त्यांना दाखवलं. त्यांनी ते लावून लावून वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या होम डिपार्टमेंटवाल्या साहेबांना नमस्कार केल्यासारखा हात कपाळाला लावला.

परत येताना रिक्षात मला एक गोष्ट सुचली. आपल्या वादात ती मला कधी सुचली नव्हती, नाहीतर त्याच दिवशी सांगितली असती. तुम्ही मला बघायला आलात तेव्हा तुमचे काका नेमणुकीचं पत्र बरोबर घेऊन आले होते. माझ्या वडिलांनी ते हातात घेऊन अण्णा मास्तरांकडून वाचून घेतलं आणि आत येऊन आईला म्हणाले, पोरीच्या म्हातारपणाचीही सोय झाली, नवऱ्यामागेसुद्धा तिला मिळत राहील. मी दाराआड उभी राहून ऐकलं होतं. तुम्ही तेव्हा ओटीवर पोहे खात होता. तुम्ही एक दिवसही कामावर गेला नव्हता, आणि आज मला जी पेन्शन मिळणार आहे तिच्यावर माझ्या वडिलांनी त्याच सकाळी होकार दिला होता. मग सांगा, ती माझी कधी झाली?

तुम्ही काहीतरी उत्तर दिलं असतंत. अपेक्षा आणि हक्क यांचं काहीतरी काढलं असतंत, आणि मी त्यावर ठिपका दिला असता. ते उत्तर काय असतं, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं आहे.